कोणी ऐकत नसेल तरी गाणार का?

नव्याने गाणं शिकायला लागलेली मुलं मला हमखास विचारतात, "ताई, स्टेजवर कधी गाता येईल?" प्रश्नात गैर काही नाही, गाणं ऐकवण्यासाठीच असतं, पण मुंबईत गणपतीतल्या स्पर्धा, सोसायटीचं कराओके, रील्स हे सगळं इतकं हाताशी आहे की गळा तयार व्हायच्या आधीच टाळ्यांची सवय लागते आणि मग रियाजही टाळ्या मिळतील तेवढाच होतो. तानेला वाहवा मिळते म्हणून तानच घोटत बसायचं. खर्जाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या संथ सुरांच्या रियाजाला, कोण टाळी देणार, म्हणून सकाळचा खर्ज सगळ्यात आधी सुटतो.

मी दादरला ज्या बाईंकडे शिकले त्या तानपुरा जुळवला की आधी नुसतं ऐकायला लावायच्या. तानपुरा नीट लागला असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे सारेगमतला ग, आपोआप ऐकू येतो, त्याची वेगळी तार नसते. तो सापडला की आपला ग त्यात मिसळायचा. मिसळला की आपला आवाज वेगळा राहतच नाही, जरा जरी इकडेतिकडे झाला तर बारीकशी थरथर कानाला टोचते. हे कळायला परीक्षक लागत नाही हो! आणि एकदा का हा आनंद कळला ना, की पहाटे कोणी न उठवता तानपुरा काढावासा वाटतो.

अन्नपूर्णा देवी गायच्या नाहीत, सूरबहार, म्हणजे सतारीसारखं पण मोठं, खालच्या सुरांचं वाद्य वाजवायच्या, पण त्यांचं उदाहरण मी प्रत्येकाला देते. जाहीर कार्यक्रम बंद करून त्यांनी इथे मुंबईत, ब्रीच कँडीच्या घरात कित्येक दशकं साधना केली, शिष्य घडवले. हरिप्रसाद चौरसिया नाव झाल्यावर त्यांच्याकडे शिकायला गेले आणि पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणून त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली!

म्हणजे कौतुक नकोच असं नाही. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात कोडी सोडवायचे पैसे मिळाले आणि मग बंद झाले की विद्यार्थ्यांची गोडी कमी झाली, पण तोंडी शाबासकीने तसं झालं नाही, उलट ती वाढली. माझाही अनुभव तोच आहे, जाणकाराची एक मनापासूनची दाद महिनाभर पुरते, लाइक्स मोजायला लागलं की मात्र गाणं बाजूला राहतं.

म्हणून रियाजातला थोडा भाग कोणालाही कधीच न ऐकवण्यासाठी ठेवा. मोबाइलवर रेकॉर्ड करा पण लगेच ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी आधी स्वतः ऐका. गुरूंना "कसं झालं?" असं मोघम न विचारता "माझा मध्यम चढतोय का?" असं विचारा, उत्तरही तसंच नेमकं मिळतं. स्पर्धेत जरूर उतरा, फक्त निकालाच्या दुसऱ्या दिवशी, नंबर येवो न येवो, खर्ज चुकवू नका.