गोदावरी खोऱ्याचे बाष्पोत्सर्जन: दरवर्षीचा फरक कसा काढावा

जमीन, जलाशय आणि पिकांची पाने यांतून हवेत जाणारे पाणी, म्हणजेच बाष्पोत्सर्जन, संपूर्ण खोऱ्यासाठी थेट मोजता येत नाही. ते पाण्याच्या ताळेबंदातून काढावे लागते: वर्षभराच्या पावसातून नदीने वाहून नेलेले पाणी आणि खोऱ्यातील साठ्यात पडलेली भर वजा केली की बाष्पोत्सर्जन उरते.

सुरुवात गोदावरीपासून करावी. खोरे ३,१२,८१२ चौरस किलोमीटरचे असून त्याचे जवळजवळ सगळे पाणी नदीच्या मुखाकडील पोलावरम (आंध्र प्रदेश) या ठिकाणावरून जाते. कृष्णा खोरे नवख्याने टाळावे, कारण कोयना आणि मुळशीचे पाणी वीजनिर्मितीसाठी कोकणात उतरवले जाते. ते कृष्णेच्या मुखाकडील विजयवाड्याला पोहोचतच नाही आणि हिशेबातून सुटले तर बाष्पोत्सर्जनात जमा होते.

वर्ष १ जून ते ३१ मे धरावे. पाऊस हवामान विभागाच्या पाव अंशाच्या (अक्षांश-रेखांशांच्या) जाळीतून आणि प्रवाह केंद्रीय जल आयोगाच्या नोंदींतून घ्यावा. प्रवाहाला क्षेत्रफळाने भागून मिलिमीटर करावेत. १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी या खोऱ्यावर पसरले तर थर ०.०९ मिलिमीटरचा होतो.

खरी कसोटी साठ्याची आहे. अनेक वर्षांच्या सरासरीत साठ्यातील बदल नगण्य ठरतो, पण एकेका वर्षाच्या हिशेबात तो सोडून चालत नाही. २०१५ सारख्या दुष्काळात विहिरी आणि धरणे उपसून पिके जगवली जातात. साठ्यातील ती घट धरली नाही, तर बाष्पोत्सर्जन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, आणि पुढच्या चांगल्या पावसात भूजल भरले की तेच पाणी हवेत गेल्यासारखे भासते. २००२ पासून ग्रेस उपग्रहांची जोडी गुरुत्वाकर्षणातील फरकांवरून भूजल, ओल आणि जलाशय यांतील एकत्रित बदल मोजत आली. तिच्या मे महिन्याच्या दोन लागोपाठच्या नोंदींची वजाबाकी करावी आणि सेंटिमीटरचे मिलिमीटर करायला विसरू नये. २०१७ च्या मध्यापासून २०१८ च्या मध्यापर्यंत, नवी जोडी येईपर्यंत, नोंदी नाहीत. त्यामुळे मे २०१८ ला स्पर्श करणारी दोन्ही वर्षे गाळावीत, अंदाजाने भरू नयेत.

शेवटी त्रुटी काढावी. समजा, पावसात ४०, प्रवाहात १५ आणि साठ्यात २० मिलिमीटरची अनिश्चितता असेल, तर त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ४७ येते. या त्रुटी दरवर्षी स्वतंत्र असल्या, तर दोन वर्षांच्या फरकात ती ६७ च्या आसपास जाते. त्याहून लहान फरकाला बदल म्हणू नये. मात्र पर्जन्यमापकांचे जाळे दोन्ही वर्षी तेच असेल, तर त्याची कायमची चूक वजाबाकीत बरीचशी निघून जाते, म्हणून मध्येच माहितीचा स्रोत बदलू नये.