घरच्यांना घेऊन लाँग ड्राइव्हचा रेकॉर्ड करायचाय? सातारा-सांगलीवाल्यांसाठी स्टेप बाय स्टेप

आपल्याकडं प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी गडी असतो जो दिवाळी जवळ आली की म्हणतो, यंदा सगळी फॅमिली घेऊन काश्मीर ते कन्याकुमारी, डायरेक्ट रेकॉर्डच करू. आणि लगेच पुढचा प्रश्न, किती तासात? हितंच सगळं बिघडतं. तासांचे रेकॉर्ड गाडीतच झोपणाऱ्या तरण्या पोरांचे, त्यांना पोटाचं काही नसतं, आणि हायवेवर लिमिट तोडल्याशिवाय त्यातले निम्मे होणारही नाहीत. मागच्या सीटवर आजी आणि सात वर्षांची पोरगी बसली असेल तर घड्याळाचा नाद सोडा. फॅमिलीनं रेकॉर्ड करायचा तो अंतराचा, ठिकाणांचा, नाहीतर सलग दिवसांचा.

आणि हे काय कमी दर्जाचं काम नाही. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास फॅमिलीनंच केलाय. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ बाईंनी नवऱ्याला न सांगता त्यानंच बनवलेली गाडी काढली, दोन पोरं बरोबर घेतली आणि मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेल्या, शंभरेक किलोमीटर, वाटेत इंधन संपलं तर ते औषधाच्या दुकानातून घेतलं. अर्जेंटिनाचे हर्मन आणि कँडेलारिया झॅप १९२८ ची ग्रॅहॅम-पेज गाडी घेऊन २००० साली निघाले ते २०२२ ला घरी पोचले, शंभरच्या वर देश झाले आणि चार पोरं वाटेतच जन्मली. स्वित्झर्लंडचे एमिल आणि लिलियाना श्मिड १९८४ मध्ये लँड क्रूझर घेऊन निघाले आणि त्यांचे सात लाख किलोमीटरच्या वर झाले, गिनीजमध्ये नाव आहे. आपले कोलकात्याचे सालू आणि नीना चौधरी तर १९८९ मध्ये दिल्लीहून काँटेसा क्लासिक घेऊन सहा खंड फिरून ६९ दिवस १९ तास ५ मिनिटांत परत दिल्लीत. हां, हा वेळेचा रेकॉर्ड आहे, पण तो त्या काळच्या नियमांनी झालेला आणि गाडीत दोघंच नवराबायको, सासूबाई नव्हत्या.

पहिलं काम: रेकॉर्ड नेमका कसला ते एका वाक्यात लिहा

"भारत फिरलो" हा रेकॉर्ड होत नाही. "एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांनी एकाच गाडीतून सुवर्ण चतुष्कोन पूर्ण केला" असं वाक्य पाहिजे (चतुष्कोन म्हणजे चार महानगरं जोडणारा हायवे), म्हणजे कोण, कशातून, कुठून कुठपर्यंत. ते वाक्य घेऊन ज्या रेकॉर्ड बुकात नाव पाहिजे त्यांच्या साइटवर आधी अर्ज करायचा, निघायच्या आधी. गिनीजचा साधा अर्ज फुकट असतो पण उत्तर यायला तीनेक महिने धरा. त्यांचे नियम हातात आल्याशिवाय रूमचं बुकिंग करू नका, कारण पुरावा काय लागेल हे तिथंच कळतं. आणि कोणी फोन करून "एवढे पैसे भरा, सर्टिफिकेट आणि मेडल घरपोच" म्हणत असेल तर आधी विचारा की पुरावा तपासतं कोण. उत्तर गोल गोल आलं की फोन ठेवायचा.

रूट कुठला घ्यावा? माझं स्पष्ट मत, आपण सातारा-सांगलीवाल्यांनी काश्मीर-कन्याकुमारीपेक्षा चतुष्कोन घ्यावा. श्रीनगर-कन्याकुमारीचा एनएच ४४ साधारण ३,७४५ किलोमीटरचा आहे, देशातला सगळ्यात लांब, पण तो आपल्याकडून जातच नाही, त्यामुळं आधी एका टोकाला जा, मग दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, मग तिथनं घरी या, म्हणजे न मोजलेलेच हजारो किलोमीटर होतात. चतुष्कोन ५,८४६ किलोमीटरचा, दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता, आणि त्यातला जवळजवळ निम्मा म्हणजे आपलाच एनएच ४८, जो साताऱ्यात दारातनं जातो. सांगली-मिरजेवाल्यांनी पेठ नाक्याला लागायचं आणि तिथंच मीटर चालू करायचा. जिथनं सुरू तिथंच शेवट, एक किलोमीटर वाया नाही.

उंचीचे रेकॉर्ड मात्र बारकी पोरं आणि म्हातारी माणसं असताना नकोच. लडाखमधल्या उमलिंग ला या खिंडीत बीआरओनं (सीमेवरचे रस्ते बांधणारी सरकारी संघटना) १९,०२४ फुटांवर रस्ता नेला आणि २०२१ मध्ये त्याला गिनीजचं सर्टिफिकेट मिळालं, बातमी वाचून सगळ्यांना जावंसं वाटतं, पण तिथं हवाच इतकी विरळ की धडधाकट माणसाचं डोकं ठणकतं.

दुसरं काम: दिवसाचं गणित, आणि ते सगळ्यात नाजूक माणसावरनं

गुगल मॅप आठ तास म्हणतो ते विसरा. चहा, जेवण, बाथरूम, पोराची उलटी हे सगळं धरून फॅमिलीचा ॲव्हरेज ताशी पन्नासच्या आसपासच पडतो, मग हायवे कितीही गुळगुळीत असू दे. म्हणजे ४०० किलोमीटरला आठ तास गेले. ५,८४६ ला ४०० नं भागलं तर पंधरा दिवस ड्रायव्हिंगचे, दर चार दिवसांनी एक दिवस गाडी हलवायची नाही असे तीन, आणि दोन दिवस गाडी बिघडली-रस्ता बंद झाला यासाठी, झाले वीस. रेकॉर्डच्या नियमात सुट्टीचा दिवस चालतो का ते आधीच विचारून घ्या. आजीचे गुडघे ३०० च्या वर ऐकत नसतील तर ३०० धरा, दिवस वाढवा. तिच्यामुळं दिवस वाढतात म्हणून तिला घरी ठेवायचा विचार कोणी करत असेल तर मग तीन पिढ्यांचा रेकॉर्ड कसा होणार?

सीझनचं सांगतो. मे महिन्यात बनारस पट्ट्यात आणि आंध्रात भाजून निघाल. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली ते कानपूर धुकं असं की पुढच्या ट्रकचा लाइट दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत चेन्नई-नेल्लोर भागात परतीच्या मान्सूनचा पाऊस असतो. त्यातल्या त्यात फेब्रुवारी बेस्ट, पण शाळा बुडते. पोरं पाचवीच्या आत असतील तर बुडू दे. मोठी असतील तर दिवाळीतच जा, मुंबई-दिल्लीकडनं सुरुवात करा आणि ते दोन जादा दिवस शेवटी, पावसाच्या पट्ट्यासाठी राखून ठेवा.

तिसरं काम: पुरावे. हे नीट वाचा, रेकॉर्ड हितंच होतो किंवा जातो

एक जाड दोनशे पानी वही घ्या, सुट्टे कागद नकोत. रोज त्यात तारीख, निघायची वेळ, ओडोमीटर म्हणजे गाडीच्या किलोमीटरचा आकडा, कुठं थांबलो, कोण चालवत होतं, पोचल्यावर परत ओडोमीटर. हे काम ड्रायव्हरला देऊ नका. घरात ज्या माणसाचा हिशोब पक्का असतो, दुधाचं-पेपरचं बिल ज्याच्याकडं असतं, त्याच्याकडं वही. बऱ्याच घरात ती आईच असते.

ओडोमीटरचा फोटो काढताना नुसता आकडा नको, एक फोटो मीटरचा आणि लगेच दुसरा गाडीची नंबरप्लेट आणि मागं गावाचा बोर्ड येईल असा. फोनमधलं लोकेशन चालू पाहिजे. फॉरवर्ड करताना व्हॉट्सॲप फोटो दाबून टाकतं, वेळ-जागेची माहिती जाते, त्यामुळं मूळ फोटो रोज रात्री पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर टाकायचे.

जीपीएस ट्रॅक दोन फोनवर वेगवेगळा चालू ठेवा, कारण एक बंद पडणारच. आणि जीपीएस आणि ओडोमीटरचा आकडा जुळला नाही म्हणून घाबरू नका, जुळत नसतोच. टायर झिजला की घेर कमी होतो, चाक जास्त फिरतं आणि ओडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवतो. बोगद्यात जीपीएस तुटतो ते वेगळंच. दोन्ही आकडे प्रामाणिकपणे लिहायचे, आणि दावा करताना कमी असेल तो करायचा. खारदुंग ला वर वर्षानुवर्षं १८,३८० फुटांचा बोर्ड होता, लोकांनी त्यासमोर फोटो काढून फ्रेम केले, आणि जीपीएसनं मोजलं तर १७,५८२ च्या आसपास निघतंय. बोर्ड दिसला म्हणून आकडा खरा असं नसतं.

सगळ्यात भारी साक्षीदार कोण माहितीय? फास्टॅग. आनेवाडी, तासवडे, किणी, जिथं टोल कापला तिथली वेळ आणि नाक्याचं नाव आपोआप नोंद होतं, त्यात तुम्हाला काही घुसडता येत नाही म्हणूनच त्याला किंमत. बँकेच्या पोर्टलवरनं स्टेटमेंट दर आठवड्याला डाउनलोड करत राहा. पंपाची बिलं थर्मल कागदाची असतात, अक्षरं उडतात, त्यामुळं त्याच दिवशी फोटो काढा, आणि जपून ठेवायच्या नादात लॅमिनेशन तर अजिबात नको, उष्णतेनं अख्खा कागद काळा पडतो.

माणसांच्या सह्या पण लागतात. चारही शहरांत आणि मधेमधे पंपाचा मॅनेजर, लॉजवाला, पोस्टमास्तर यांच्याकडनं सही-शिक्का-तारीख घ्यायची. नातेवाइकाची सही नको, कोलकात्यात तुमचा मामा असला तरी. लाजायचं नाही, आपण कुठनं आलो ते सांगितलं आणि कंदी पेढा हातावर ठेवला की माणूस शिक्का शोधून आणतो.

चौथं काम: गाडी आणि ड्रायव्हर

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. पंधरा दिवस आधी करा आणि मग चारपाचशे किलोमीटर फिरवा, काय ढिलं राहिलं असेल ते घरच्या मेकॅनिकजवळच कळू दे. स्टेपनीत हवा बघा, जॅक एकदा खरंच लावून बघा. फुल लोडला टायरची हवा वेगळी लागते, ती ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते, आणि तपासायची ती सकाळी टायर थंड असताना. पीयूसी, इन्शुरन्स, आरसी डिजिलॉकरवर ठेवा, तरी झेरॉक्सचा एक सेट डॅशबोर्डात असू दे.

ड्रायव्हर किमान दोन, आणि दोघांचं लायसन चालू. दोन तासांनी बदली, मग झोप आलेली असो नसो. "मला काय होत नाय, मी बंगळुरू एका दमात मारतो" म्हणणाऱ्या दाजींना पहिल्या दिवशी स्टिअरिंग देऊच नका. अंधार पडल्यावर गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये पाहिजे, हा नियम मोडायचा नाही. चौपदरी हायवेला कारचं लिमिट १०० आहे, एक्सप्रेसवेला १२०, आणि बोर्डावर कमी लिहिलं असेल तर कमी. मागच्यांनी पण बेल्ट लावायचा, बारक्याला मांडीवर नाही, चाइल्ड सीटमध्ये.

पाचवं काम: रंगीत तालीम

एका शनिवारी सकाळी साडेपाचला सगळ्यांना बसवून हुबळीपर्यंत जा, साताऱ्यापासून साधारण सव्वातीनशे किलोमीटर, मुक्काम करा, रविवारी परत. कोणाला किती वेळानं बाथरूम लागतं, कोणाची पाठ धरते, कोणतं पोर कोणाशेजारी बसलं की भांडतं, सगळं वहीत लिहा. उलटीची टेस्ट घ्यायची असेल तर कराड-पाटणहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाऊन या. गोळी द्यायची असेल तर घरच्या डॉक्टरांना विचारून, आणि ड्रायव्हरनं ती घ्यायचीच नाही, झोप येते. आलेपाक मात्र सगळ्यांनी खिशात ठेवा.

रोजचं रुटीन, खाणं, आणि बाथरूम

पहाटे साडेपाचला निघा, आठला नाश्ता, बाराला जेवण, तीन-चारला मुक्काम. जेवणानंतरचा एक तास सगळ्यात वाईट, ड्रायव्हरनं पोटभर खाल्लं की डोळे मिटायला लागतात, त्यामुळं त्यानं कमी खायचं, नाहीतर वीस मिनिटं झोपून घ्यायचं. पहिले चार दिवस घरचं पुरतं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सांगलीचं भडंग, तासगावचे बेदाणे. पुढं गरम आणि साधं, भात-वरण मिळेल ते. ढाब्यावरची लालभडक ग्रेव्ही रोज खाल तर सातव्या दिवशी रेकॉर्ड दवाखान्यात.

बाथरूमचा विषय लाजेनं कोणी काढत नाही आणि मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, त्यातनं युरिनचं इन्फेक्शन होतं. म्हणून दीड तासाला मोठ्या पंपावर थांबायचंच, कोणी मागो न मागो. बाहेर पडताना हायवेची १०३३ आणि इमर्जन्सीची ११२ हेल्पलाइन सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह असू दे, आजीच्या पण.

पैसे

फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ पासून चालू झालाय, तेव्हा तो ३,००० रुपयांत होता, २०० क्रॉसिंग किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. खाजगी कारला एवढ्या लांबच्या रूटला तो घ्यायलाच पाहिजे. पण तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेसारख्या राज्याच्या रस्त्यावर नाही, त्यामुळं बॅलन्स पण ठेवा. इंधनाला चतुष्कोन अधिक शहरातलं फिरणं मिळून ६,३०० किलोमीटर धरा, गाडी लिटरला १६ देत असेल तर ३९४ लिटर, आजच्या भावानं गुणा. मुक्कामाला वीस दिवसांचा प्रवास म्हणजे एकोणीस रात्री, गुणिले खोल्या, आणि पार्किंग आहे का हे फोनवर विचारून मगच बुक.

परत आल्यावर

गाडी ज्या नाक्यावरनं निघाली तिथंच थांबवा, ओडोमीटरचा फोटो काढा, अनोळखी साक्षीदाराची सही घ्या, मग घरी जाऊन आंघोळी करा. उलटं केलंत तर शेवटचा पुरावा राहतोच. वहीची सगळी पानं स्कॅन करा, मूळ वही कुठल्याही संस्थेला पोस्टानं पाठवू नका, स्कॅनच पाठवा. फास्टॅगचं शेवटचं स्टेटमेंट दोन-तीन दिवसांनी काढा, काही एंट्री उशिरा दिसतात. सगळं एका फोल्डरमध्ये तारखेप्रमाणं लावून आठवड्याच्या आत अपलोड करा, कारण एकदा का दाजी आपल्या गावी आणि पोरं शाळेत गेली की कोणता फोटो कोणाच्या फोनमध्ये होता हे शोधण्यात दिवाळी परत येते.