कौतुक झालं की काय करायचं: चित्रकलेच्या बाईंच्या सूचना

"किती सुंदर काढलंत!" असं कुणी म्हटलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं, "छे हो, कसलं काय, असंच आपलं काहीतरी." हे आधी बंद करा. समोरचा मनापासून बोललेला असतो, त्याला आपण खोटं पाडतो. वर त्यानं आणखी दोनदा कौतुक करावं अशी सोयही करून ठेवतो.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरातली. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी रेवदंड्याहून नाशिकरोडला आले आणि इथलेच झाले. सिनेगॉगसाठी, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरासाठी, आम्ही ठाण्याला जातो, रोजची प्रार्थना मात्र घरीच. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, आता एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं घरी येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते. तुमच्याकडे गळा असो, हाताला चव असो की हिशेबाचं डोकं, चालेल.

पहिलं काम, आपल्याला येतं हे कबूल करायचं. निर्गमात, म्हणजे आमच्या तोरा या धर्मग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकात, निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, बांधायची वेळ येते तेव्हा देव आमचा पुढारी मोशे याला बसालेल या कारागिराचं नाव सांगतो. सोनं, रुपं, पितळ, रत्नांची जडण, लाकडावरचं कोरीवकाम, या सगळ्याची अक्कल मी याला दिली आहे म्हणतो. बसालेल जर "मला कुठं जमतंय" म्हणून घरी बसला असता तर मंडप उभा राहिला असता का? जमतंय हे मान्य, दिलेलं आहे हेही मान्य. मिशनेत, म्हणजे रब्बींच्या, आमच्या धर्मगुरूंच्या, जुन्या वचनसंग्रहात, रब्बान योहानान बेन झक्काईंचं म्हणणं आहे, की पुष्कळ तोरा शिकलास तर त्याची शेखी मिरवू नकोस, त्यासाठीच तर तुला घडवलंय. मुलांच्या भाषेत सांगायचं तर हात चांगला आहे ना, मग काढ. मिरवायचं काय त्यात?

म्हणून कौतुकाला उत्तर द्यायचं ते असं: आधी सरळ "बरं वाटलं" म्हणा. मग ज्याच्याकडून शिकलात त्याचं नाव घ्या. आमच्याकडे म्हणतात, की जो ज्याचं बोलणं त्याच्या नावानं सांगतो तो जगाची सुटका जवळ आणतो. एवढं मोठं बक्षीस एवढ्याशा कामाला! माझी मुलं चित्राच्या पाठीमागे पेन्सिलनं लिहितात, दगडाचा रंग कुणी शिकवला, झाड कुणी. एका मुलीनं "आकाश: आजी" असं लिहिलं होतं. आजीला ब्रश धरता येत नाही, पण गच्चीवर पापड घालताना ढग बघायला तिनंच शिकवलं म्हणे. खरंय की मग.

आभार रोज मानायचे, आणि स्वतः. सकाळी डोळे उघडले की 'मोदे आनी' म्हणायचं, जीव परत दिलास म्हणून. हात धुण्याच्याही आधी. ते एका ओळीचं आहे, त्यामुळे वेळ नाही ही सबब चालत नाही. सिनेगॉगमध्ये हझ्झान, म्हणजे प्रार्थना सांगणारा, मुख्य प्रार्थना मोठ्यानं पुन्हा म्हणतो तेव्हा बाकीचे आमेन म्हणतात, पण आभाराची जागा आली की प्रत्येक जण वाकून आपापले आभार आपणच मानतो. आभाराला मुखत्यार चालत नाही. तुम्ही तुमच्या देवाला, गुरूला, आईला म्हणा, पण स्टेटसवर फुलांचा फोटो टाकून मोकळं होऊ नका.

मोठं काही झालं, पोरगं पास झालं, नोकरी लागली, की आम्ही मलिदा करतो. पोहे भिजवायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा घालायचा, वर फळं मांडायची. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घ्यायचं. झाडाच्या फळाची बेराखा, म्हणजे आशीर्वचन, वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. मग सगळ्यांना वाटायचं. पास एक जण होतो आणि शेजारच्यांची तोंडं गोड होतात, हे मला फार आवडतं.

अवजारांचेही उपकार मानायचे असतात. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नाईलच्या पाण्यावर काठी मारायची वेळ आली तेव्हा ती मोशेचा भाऊ अहरोन यानं मारली. मोशेनं का नाही? तान्हा असताना त्याच नदीनं त्याला सांभाळलं होतं, असं आमचे रब्बी सांगतात. पाण्याला काय कळतं, पण मोशेला कळत होतं. ब्रश बरणीत डोक्यावर उभा करून ठेवणाऱ्या मुलाला मी ही गोष्ट सांगते. केस वाकतात हो, आणि सेबलचा ब्रश काय भावाला मिळतो ते त्याच्या बापाला विचारा.

आता शिकवण्याचं. बसालेलला कारागिरी दिली तशी शिकवायची बुद्धीही दिली, असं निर्गमात लिहिलंय. शिकवलं नाही तर काय होतं, ते तलमुदाच्या, म्हणजे मिशनेवरच्या चर्चेच्या ग्रंथाच्या, योमा भागात आहे. यरुशलेमच्या मंदिरात हुग्रास बेन लेवी नावाचा गवय्या होता. गाताना अंगठा तोंडात घालून असा काही सूर काढायचा की ऐकणारे याजक मागं सरकायचे. ते त्यानं कुणाला शिकवलं नाही. बेन कामत्सार बोटांमध्ये चार लेखण्या धरून चार अक्षरांचा शब्द एका दमात लिहायचा. त्यानंही नाही शिकवलं. इतकी कला, पण नावं राहिली ती ठपक्यासकट. आपल्याकडेही 'हातचा राखून' शिकवणारे कमी नाहीत. मसाल्याची कृती सांगतील आणि एक जिन्नस गाळतील! असं करू नका.

कोणाकडून शिकायचं यावर मिशनेतल्या बेन झोमा या पंडिताचं उत्तर आहे, सगळ्यांकडून. पावसाळ्यात मुलांना गोदाघाटावर नारोशंकराच्या देवळासमोर बसवलं होतं. एकानं नदी छान निळी रंगवली. फुलं विकणाऱ्या मावशी वाकून म्हणाल्या, "आरं, पूर हाय ना, पानी चहावानी दिसतंय बघ." मुलानं बर्न्ट सिएना, तो तांबूस तपकिरी रंग, काढला, थोडा निळा घालून मळकट केला, आणि देवळाच्या पायऱ्यांशी फेसाला कागद कोरा सोडला. नदी आली!

खचलेल्या मुलांसाठी रब्बी सिम्हा बुनिम यांनी सांगितलेल्या, खिशात ठेवायच्या दोन चिठ्ठ्या. एका खिशात 'माझ्यासाठी जग निर्माण झालं', दुसऱ्यात 'मी धूळ आणि राख'. कुठली केव्हा काढायची हे ज्याचं त्यानं ओळखावं. माझा अनुभव असा, की परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलींना पहिली द्यावी लागते, आणि प्रदर्शनाच्या दिवशी मोठ्या चित्रकारांना दुसरी.

एक शेवटचं राहिलं. विद्यार्थी पुढं गेला तर? तलमूद म्हणतो, माणूस सगळ्यांचा हेवा करतो, मुलाचा आणि शिष्याचा करत नाही. मला हे जरा आशावादी वाटतं. पोटात कालवतं कधी कधी. तेव्हा चपला घाला, त्याचं चित्र बघायला जा, आणि सावलीतला जांभळा कसा मिसळला ते विचारून या.