बीपी असेल तर ईसीजीच्या कागदावर काय मोजायचं

बीपीवाल्याचा ईसीजी काढला की आपण वर छापलेलं 'नॉर्मल' तेवढं शोधतो आणि कागद फाईलला लावून मोकळे होतो, पण त्यात घरी मोजण्यासारखं बरंच असतं, चौकोन मोजता आले की झालं.

आधी कडेला 25 एमएम पर सेकंद आणि 10 एमएम पर एमव्ही (मिलिव्होल्ट) लिहिलंय ना ते बघा. लाटा कागदात मावल्या नाहीत तर कधी निम्म्या उंचीवर, म्हणजे 5 वर काढतात आणि मग पुढची सगळी बेरीज चुकते. छोटा चौकोन आडवा धरला तर 0.04 सेकंद, उभा 1 एमएम.

बीपी वर्षानुवर्षं जास्त राहिलं की हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, डॉक्टर त्याला एलव्हीएच म्हणतात, आणि जाड स्नायूच्या लाटा सहसा उंच येतात. कागदावरच्या प्रत्येक आलेखाशेजारी व्ही 1, एव्हीएल असं नाव छापलेलं असतं; त्यातलं वर जाणारं टोक म्हणजे आर आणि त्यानंतर खाली जाणारं एस. व्ही 1 मधली खाली गेलेली एस आणि व्ही 5 किंवा व्ही 6 मधली जी उंच असेल ती आर, दोन्हींची बेरीज 35 एमएम किंवा जास्त आली तर शंका घ्यायची. दुसरी पद्धत कॉर्नेलची: एव्हीएलमधली आर अधिक व्ही 3 मधली एस, पुरुषांत 28 च्या वर, बायकांत 20 च्या वर. वजन जास्त असेल तर मी कॉर्नेलच बघेन, कारण छातीवरच्या चरबीमुळे पहिली बेरीज कमी येते. उलट बारीक तरुण पोरांत ती उगाच जास्त दिसते. आणि बेरीज कमी आली म्हणजे सुटलो असं नाही हं, ईसीजीला बरेच एलव्हीएच दिसतच नाहीत, तिथे इकोच, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच लागते.

उंचीपेक्षा मला जास्त भीती स्ट्रेनची वाटते: व्ही 5, व्ही 6 मध्ये एसटी (उंच टोकानंतरचा सपाट भाग) खाली उतरलेला आणि टी (त्यापुढची गोलसर लाट) उलटा. असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवाच, आणि सोबत छातीत दुखत असेल तर मोजपट्टी बाजूला ठेवा नि थेट हॉस्पिटल गाठा.

क्यूआरएस, म्हणजे त्या उंच टोकाच्या लाटेची रुंदी, 120 मिलिसेकंदाच्या वर असेल तर वरच्या बेरजांवर फार विसंबू नका. क्यूटीसी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचा वेळ, नाडीच्या वेगानुसार जुळवलेला) पुरुषांत 450, बायकांत 460 मिलिसेकंदाच्या वर गेला आणि लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम तपासायचं का ते विचारा, त्या गोळ्यांनी ते कमी होऊ शकतं.

खरी मजा जुना आणि नवा कागद शेजारी ठेवण्यात आहे. 2002 साली आलेल्या लाइफ नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये औषधांनी ज्यांच्या ईसीजीतला एलव्हीएच कमी झाला त्यांना स्ट्रोक आणि हृदयाचा त्रासही कमी झाला. फक्त छातीवर लावलेला स्टिकर थोडा सरकला तरी दोन-चार एमएम इकडेतिकडे होतात, तेवढ्या फरकावर गोळ्या स्वतःच बदलू नका.

आणि हो, थर्मल कागद काही काळाने पुसट होतो, तेव्हा त्याच दिवशी फोटो काढा आणि कोपऱ्यात त्या दिवसाचं बीपी लिहून ठेवा.