गेकोचं पाणी: कोकणच्या दमट हवेत या चुका टाळा

जून लागला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत भिंतींना ओल येते, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. एवढ्या ओल्या हवेत टाकीत पाळलेल्या गेकोला, म्हणजे पालीच्या कुळातल्या या छोट्या प्राण्याला, वेगळं पाणी कशाला, असं वाटतं आणि वाटी दोन-दोन दिवस कोरडी राहते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हवेतला दमटपणा कातडीवाटे आत शिरून तहान भागवत नाही. ओल्या हवेत अंगातून पाणी उडून जाणं कमी होतं, एवढंच. विष्ठेतून आणि श्वासातून ते जातच राहतं, आणि ते भरून काढायला गेकोला पाणी चाटावंच लागतं. म्हणून वाटी बाराही महिने भरलेली हवी. पावसाळ्यात कमी करायची ती फवारणी.

लेपर्ड गेको वाळवंटातला, त्याला पाणी लागत नाही, हा समजही तितकाच चुकीचा. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागात तो राहतो हे खरं. पण दिवस काढतो तो बिळात आणि कपारीत, जिथे ओल टिकून असते. क्रेस्टेड गेकोचं उलट. तो न्यू कॅलेडोनियातल्या झाडांवरचा, पानांवरचे थेंब चाटणारा. वाटीतलं स्थिर पाणी काही क्रेस्टेडच्या लक्षातही येत नाही. दोघांना एकच व्यवस्था लावली की एकाचे तरी हाल होतात.

वाटीत होणाऱ्या चुका

स्वयंपाकघरातली उभ्या काठाची स्टीलची वाटी ठेवू नका. लेपर्ड गेकोच्या बोटांना घरातल्या पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्या नसतात, फक्त नख्या असतात. गुळगुळीत स्टीलवर नख्या घसरतात, आणि पिल्लू आत पडलं तर त्याला बाहेर येता येत नाही. करवंटी आणि मातीची पणती दिसायला छान, पण करवंटी कलंडते आणि पावसाळ्यात तिच्या रेषांत बुरशी बसते. पणती झिरपते, खालची जमीन कायम ओली राहते आणि तिच्या छिद्रांतला बुळबुळीत थर घासूनही पुरता निघत नाही.

चांगली वाटी म्हणजे 8 ते 10 सेंटीमीटर रुंदीची, उथळ, जड, चकाकी दिलेली चिनीमातीची. मोठ्या गेकोसाठी पाणी 1 ते 1.5 सेंटीमीटर, पिल्लांसाठी अर्धा सेंटीमीटर पुरे. पाणी खांद्याच्या वर जाता कामा नये. आत एक चपटा खडा ठेवा, त्याचं टोक पाण्याबाहेर राहू द्या. खायला सोडलेले क्रिकेट, म्हणजे रातकिडे, पाण्यात पडले तर त्यावर चढून वाचतात. बुडून मेलेला क्रिकेट आपल्याकडच्या उकाड्यात काही तासांतच पाणी नासवतो. खडा पुळणीवरून आणला असेल तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवा आणि रोज पाणी बदला, म्हणजे मीठ निघून जाईल.

वाटी दिव्याखाली किंवा तापणाऱ्या पट्टीवर ठेवू नका. तिथे पाणी कोमट होऊन जंतू वाढतात आणि वाफेमुळे टाकीतला दमटपणा चढतो. जागा थंड बाजूची. पाण्यात स्पंज किंवा कापूस घालायची जुनी रीत आहे, तीही सोडा, कारण तो जंतूंचं घर होतो. पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब घालण्यानेही फायदा नाही: चव बदलली की गेको वाटीकडे फिरकत नाही, आणि पोटात किती गेलं ते तुम्हाला कळत नाही. व्हिटॅमिन आणि कॅल्शियम किड्यांवर भुरभुरूनच द्यावं.

पाणी रोज बदला. वाटीच्या कडेवरून बोट फिरवून बघा; बुळबुळ लागली तर नुसतं विसळून भागणार नाही, साबणाने घासायला हवं. आठवड्यातून एकदा घरगुती ब्लीचचा 1 भाग आणि पाण्याचे 30 भाग अशा मिश्रणात 10 मिनिटं बुडवा आणि वास जाईपर्यंत धुवा. हे काम भांडी घासतो त्या मोरीत करू नका. गेको निरोगी दिसला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, त्यामुळे नंतर हात साबणाने धुणं आलंच.

पाणी कुठलं घालावं

क्लोरीनची जितकी भीती घातली जाते, तितकी मिठाची घातली जात नाही. कोकणात हे उलट हवं. खाडीलगतच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. माणसाला त्याची सवय होते. काही ग्रॅम वजनाच्या पिल्लाला मात्र जास्तीचं मीठ बाहेर टाकायला आणखी पाणी लागतं, आणि पिऊनही ते सुकत जातं. पाणी उकळून मीठ जात नाही, उलट वाफ गेल्यावर उरलेलं पाणी अधिक खारट होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर मोजा: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 500 मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. मीटर नसेल तर जीभ पुरे. तुम्हाला खारट लागलं तर गेकोला देऊ नका. त्या दोन महिन्यांत आरओचं किंवा बाटलीचं पाणी चालतं. खनिजं त्याला मुख्यतः खाण्यातून मिळतात, त्यामुळे आरओच्या पाण्याने घाबरू नका.

पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर टाकते. पाण्याला उग्र वास येत असेल तर रुंद तोंडाच्या भांड्यात, वर फडकं बांधून, 24 तास ठेवा आणि मग वापरा. नळाच्या पाण्यातला नेहमीचा क्लोरीन गेकोला बाधत नाही.

मिठाची आणखी एक वाट आहे, ती पटकन लक्षात येत नाही. टाकीत अंथरायचा काथ्याचा भुसा आपल्याकडे सहज मिळतो, पण सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवलेली असतील तर त्या भुश्यात मीठ असतं. फवारलेलं पाणी त्यावरून चाटलं जातं. वापरण्याआधी भुसा तीन पाण्यांतून काढून पिळून घ्या.

फवारणी

क्रेस्टेडला उन्हाळ्यात, किंवा एसीच्या खोलीत, संध्याकाळी दिवे मालवताना पानांवर आणि काचेवर थेंब उभे राहतील इतकं फवारा. टाकीतला दमटपणा 70 ते 80 टक्क्यांवर जावा आणि दुसऱ्या दिवशी 50-60 पर्यंत उतरावा. ते उतरणं गरजेचं आहे. पावसाळ्यात खोलीतच 85-90 टक्के असतात; तेव्हा सगळी टाकी भिजवू नका. एका कोपऱ्यातल्या दोन-तीन पानांवर चार-पाच दाब पुरतात. प्यायला थेंब मिळाले की काम झालं. सकाळीही काच ओली दिसली तर जाळीचं झाकण मोकळं करा आणि टाकीबाहेर छोटा पंखा असा लावा की वारा थेट गेकोवर येणार नाही.

लेपर्डवर फवारूच नका. त्याला आत शिरायला भोक असलेल्या झाकणाच्या डबीत ओलसर मॉस (शेवाळ) द्या, बाकी टाकी कोरडी राहू द्या. वादळात वीज गेली, टाकी गार पडली, की कुठल्याही गेकोवर फवारणी थांबवा: गारठा आणि ओल एकत्र आली की छातीचा संसर्ग होतो. तोंड उघडून श्वास घेणं, नाकपुडीवर बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाणी कमी पडतंय हे कसं ओळखाल

विष्ठा बघा. तिच्यासोबत पांढरा गोळा असतो, युरेट म्हणतात तो. तो मऊ आणि पांढरा असेल तर पाणी पुरतंय. पिवळट, केशरी, खड्यासारखा टणक झाला तर कमी पडतंय. पुढची चिन्हं म्हणजे खोल गेलेले डोळे, कुशीवर न सुटणारी सुरकुती, तोंडात चिकट तारा आणि बोटांवर अडकलेली कात. अडकलेल्या कातीचं कडं आवळत जाऊन बोट गळतं, म्हणून दर कातीनंतर वीसच्या वीस बोटं भिंगाने तपासा.

सुकलेल्या गेकोच्या तोंडात सिरिंजने पाणी सोडू नका. पाणी फुप्फुसात जातं. नाकपुड्या टाळून ओठाच्या कडेला एकेक थेंब टेकवा, तो स्वतः चाटेल. टेकवलेल्या झाकणाच्या डब्यात 28 ते 30 अंशांचं, पोट जेमतेम भिजेल इतकं पाणी घेऊन 15 मिनिटं ठेवा आणि तोवर तिथून हलू नका. मग कोरडं करून उबेत सोडा. दोन दिवसांत डोळे भरून आले नाहीत, किंवा वजन दहा टक्क्यांनी घटलं, तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. जाताना घट्ट झाकणाच्या डबीत ताजी विष्ठा आणि दर आठवड्याच्या वजनाची नोंद सोबत ठेवा.