व्हायरस जिवंत आहे का? मुलांना समजवायचंय तर आधी कांदा घ्या

माझ्या नववीतल्या भाचीने परवा विचारलं, "मावशी, व्हायरस जिवंत असतो की नाही, फक्त हो किंवा नाही सांग." मी म्हटलं जा कांदा घेऊन ये. खाली लिहिलंय ते आम्ही दोन रविवारी केलं, तुमच्याकडे आठवी ते दहावीचं कुणी असेल तर करून बघा.

शाळेतला असतो तसा साधा मायक्रोस्कोप कुणाकडून तरी मागून आणा, 400 पट मोठं दाखवणारा असला की झालं. शिवाय काचेच्या स्लाइड, कव्हरस्लिप आणि औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन लागेल.

कांदा उभा चिरा, त्यातली एक जाड पाकळी घ्या आणि हाताने मोडा, मोडताना आतल्या खोलगट बाजूला प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा लोंबतो तोच आपल्याला हवाय. नखाएवढा तुकडा चिमट्याने ओढून लगेच पाण्यात टाका नाहीतर त्याची सुरळी होते. स्लाइडवर थेंबभर पाणी, त्यावर पापुद्रा सपाट, वर आयोडीनचा एक थेंब, मिनिटभर थांबा आणि कव्हरस्लिप एका कडेला टेकवून सुईने हळूहळू खाली सोडा. धपकन टाकली की हवा अडकते आणि मुलं बुडबुड्यालाच पेशी समजून वहीत काढतात, आमच्याकडे पण काढले, वर छान शेडिंग वगैरे केलेलं! जाड काळी गोल कड दिसली की बुडबुडा समजायचा. विटांच्या भिंतीसारखं दिसतं त्या पेशी, आणि प्रत्येकीत कडेला सरकलेला पिवळट तपकिरी ठिपका म्हणजे केंद्रक.

हे बघून झालं की मगच इतिहास सांगा, आधी सांगितलात तर जांभया येतात. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात अशाच खोल्या बघितल्या आणि 'सेल' हा शब्द दिला, पण बूच म्हणजे मेलेली साल, त्यामुळे त्याला दिसल्या त्या रिकाम्या भिंती. पुढे दहा-बारा वर्षांत डेल्फ्टच्या लेवेनहुकने, कापडाचा व्यापारी माणूस, स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्यातले हलणारे जीव बघितले. मग बराच काळ मोठं काही नाही. 1838 मध्ये श्लायडेन म्हणाला झाडं पेशींची असतात, 1839 मध्ये श्वान म्हणाला प्राणीसुद्धा, आणि ही कल्पना दोघांच्या बर्लिनमधल्या जेवणावरच्या गप्पांत निघाली असं श्वाननेच लिहून ठेवलंय.

आता इथे थांबा, कारण पुस्तकात हे सगळं एका दमात येतं आणि मुलांना वाटतं पेशी सिद्धांत एका दिवसात तयार झाला. श्लायडेनला वाटायचं की नवी पेशी द्रवातून स्फटिक जमतो तशी आपोआप जमते. साफ चूक. रॉबर्ट रेमाकने कोंबडीच्या गर्भातल्या रक्तपेशी बघून सांगितलं की पेशी दोन भागांत विभागते आणि तशीच नवी होते, 1855 मध्ये फिरखोने तेच 'प्रत्येक पेशी पेशीपासूनच' असं छापलं आणि नाव त्याचं झालं, रेमाक बिचारा बाजूलाच. मला विचाराल तर झाडं पेशींची, प्राणी पेशींचे आणि पेशी पेशीपासूनच, या तीन वाक्यांतलं हे तिसरंच खरं महत्त्वाचं, व्हायरस अडकतो तो इथेच. वहीत ते मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

पुढच्या रविवारी केवडा पडलेल्या भेंडीचं पान आणा, ज्याच्या शिरा पिवळ्या पडतात ते, आपल्याकडे शेतात शोधावं लागत नाही. हा व्हायरसचा रोग, पांढरी माशी पसरवते. पानाचा पातळ पापुद्रा काढून बघा, पेशी दिसतील पण व्हायरस कितीही फोकस फिरवला तरी दिसणार नाही. का ते तंबाखूच्या मोझॅक व्हायरसवरून सांगा, तो 300 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लांब आणि जेमतेम 18 नॅनोमीटर जाड, म्हणजे कांद्याच्या एका पेशीच्या लांबीत असे हजारेक एकापुढे एक मावतील, आणि आपला प्रकाशाचा मायक्रोस्कोप 200 नॅनोमीटरच्या खाली हात टेकतो, त्यामुळे एवढी बारीक जाडी दिसतच नाही.

मग दिसत नव्हता तर कळलं कसं? 1892 मध्ये रशियात इवानोव्स्कीने रोगट तंबाखूचा रस चिनी मातीच्या अशा फिल्टरमधून गाळला ज्यात जिवाणू अडकतात, तरी गाळलेल्या रसाने चांगली पानं आजारी पडली. 1898 मध्ये बायेरिंकने तेच केलं आणि बघितलं की हे जे काय आहे ते फक्त जिवंत झाडातच वाढतं, त्याने त्याला जिवंत, संसर्गजन्य द्रव म्हटलं. आणि 1935 मध्ये स्टॅन्लीने त्याचे चक्क सुईसारखे स्फटिक केले, ते स्फटिक विरघळवून पानावर चोळले की पान परत आजारी!

आता वहीत तीन रकाने करा, कांद्याची पेशी, क्लॅमिडिया नावाचा जिवाणू आणि व्हायरस. क्लॅमिडिया मुद्दाम घ्या, तोही दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढत नाही, त्यामुळे 'परावलंबी म्हणून निर्जीव' हे उत्तर तिथेच बाद होतं. पण त्याच्याकडे स्वतःचं पटल आहे, प्रथिनं बनवणारे रायबोसोम आहेत आणि तो विभागतो. व्हायरस विभागत नाही, पेशीच्या कारखान्यात त्याचे सुटे भाग बनतात आणि जोडले जातात. 1955 मध्ये तर फ्रेंकेल-कोनराट आणि विल्यम्स यांनी तंबाखूच्या व्हायरसचं आरएनए (ज्यात त्याची जनुकं असतात) आणि प्रथिन वेगळं करून परत एकत्र मिसळलं, तर व्हायरस जुळून कामाला लागला. कांद्याची पेशी अशी सुटी करून जोडून दाखवा बघू!

मूल हुशार असेल तर इथे मिमीव्हायरस काढा. 1992 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबात सापडला, इतका मोठा की जिवाणूच वाटला, 2003 मध्ये कळलं की व्हायरस आहे. हजाराच्या आसपास जनुकं, पण रायबोसोम नाहीतच.

भाचीने शेवटी विचारलं, मग डब्यातली मटकी पण नुसती पडूनच असते की. चांगला प्रश्न. मूठभर मटकी रात्री भिजत घातली, पाणी मिळाल्याबरोबर ती स्वतःच्या पेशींच्या जिवावर कामाला लागली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड. व्हायरस पाण्यात वर्षभर भिजवला तरी एकाचे दोन होणार नाहीत. तिने वहीत लिहिलं, 'पेशीबाहेर निर्जीवासारखा, पेशीत सजीवासारखा, पण स्वतः पेशी नाही', मी काही खोडलं नाही, आणि मटकीची उसळ केली.