धातूंच्या गुणधर्मांची उत्तरं लिहिताना या चुका टाळा

नौपाड्यात मी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. सराव पेपर तपासताना एकच वाक्य पानोपानी भेटतं: ‘धातूंत मुक्त इलेक्ट्रॉन असतात म्हणून.’ वीज का वाहते, पत्रा का होतो, द्रवणांक जास्त का, सगळ्याला हेच उत्तर. वाक्य खरं आहे, पण अर्धवट. कोण हललं आणि कोण जागेवर राहिलं, हे लिहिल्याशिवाय पूर्ण गुण मिळत नाहीत.

घोळ ‘मुक्त’ शब्दापासूनच सुरू होतो. बाह्य कवचातले हे इलेक्ट्रॉन एका अणूचे न राहता अख्ख्या तुकड्याचे होतात, पण तुकड्याबाहेर पडत नाहीत. मागे राहिलेले धन आयन (इलेक्ट्रॉन सुटलेले अणू) आणि हे इलेक्ट्रॉन यांच्यातलं आकर्षण म्हणजे धात्विक बंध. तुकडा एकूण उदासीनच राहतो.

‘तापवल्यावर इलेक्ट्रॉन जोरात धावतात, म्हणून वाहकता वाढते’ हेही चूक. तापल्यावर आयनांची थरथर वाढते, इलेक्ट्रॉनांची वाट अडते, वाहकता घटते.

सर्वांत जास्त गुण जातात ते वर्धनीयतेत, म्हणजे ठोकून पत्रा होण्याच्या गुणात. खलबत्त्यात खडेमीठ कुटलं की खडा फुटतो, कारण थर जरासा सरकला तरी धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण आयन येतात आणि एकमेकांना दूर लोटतात. तांब्यात थर सरकला तरी नव्या जागीही भोवती इलेक्ट्रॉन आहेतच, म्हणून बंध टिकतो. उत्तरात हे दोन्ही लिहा.

वायरमनकडून उरलेली जाड तांब्याची तार आणा, प्लास्टिक सोलून काढा आणि एकाच जागी वाकवत-सरळ करत राहा. आधी सहज वाकते, मग हाताला जोर लागायला लागतो, शेवटी तुटते. वाकवताना आतल्या मांडणीत गुंता होतो आणि थरांची सरकण्याची वाट अडते. दुसरी तार कडक झाली की तिथेच थांबा, सांडशीत धरून गॅसवर लाल करा (घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच) आणि गार होऊ द्या. पुन्हा मऊ! इलेक्ट्रॉन तेवढेच होते, बदलली ती आयनांची मांडणी. ठाणे-वाशी लोकलचा पेंटोग्राफ (टपावरचा वीज घेणारा सांगाडा) जिला घासत जातो, ती तांब्याची तारही अशीच थंड ओढून मुद्दाम कडक केलेली असते.

द्रवणांकात हुशार मुलंही अडकतात. सोडियम 98, मॅग्नेशियम 650, अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअस. अणूमागे एक, दोन, तीन मुक्त इलेक्ट्रॉन म्हणून बंध बळकट होत गेला, तर शेवटची उडी फक्त 10 अंशांची कशी? वितळताना बंध पुरता तुटत नाही, नुसती मांडणी ढासळते. त्यामुळे द्रवणांकावर स्फटिकरचनेचाही परिणाम होतो. उकळताना मात्र अणू सुटे होतात. उत्कलनांक बघा: 883, 1,090 आणि सुमारे 2,470. बंधाची ताकद विचारली असेल तर हे आकडे द्या.

पारा उणे 39 अंशांनाच वितळतो. त्याचं कारण या साध्या चित्रात बसत नाही, म्हणून अपवाद एवढंच लिहून पुढच्या प्रश्नाला लागा.